टोस्का कुठली घ्यावी, आणि कोणाच्या सांगण्यावरून

पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराचं एकच रेकॉर्डिंग घरात ठेवायचं असेल तर १९५३ चं ठेवा. टोस्का मारिया कॅलास, चित्रकार काव्हारादोस्सी जुझेप्पे दी स्तेफानो, पोलीसप्रमुख स्कार्पिया टिटो गॉब्बी. मिलानच्या ला स्काला थिएटरचा वाद्यवृंद आणि कोरस, संचालक व्हिक्टर दे साबाता. हे सांगायला माझी गरज नाही. गेली सत्तर वर्षं इंग्रजीतले समीक्षक थोड्याफार फरकानं हेच सांगत आलेत, आणि निकाल मलाही मान्य आहे. पण ते जी कारणं देतात त्यातून ऐकणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. शिवाय एकाच रेकॉर्डिंगची आरती ओवाळण्याच्या नादात दोन-चार चांगली रेकॉर्डिंगं कोपऱ्यात पडून राहतात. तक्रार एवढीच.

मी गोव्यातल्या म्हार्दोळचा, धंदा साउंडचा. जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोरच्या मांडवात रंगमंचावर माईक टांगायचे, ऑर्गनला एक, तबल्याला एक, आणि पहाट होईपर्यंत मिक्सरवर बसायचं. संगीत नाटकातला नट ऐन पदात पाठ फिरवतो, रंगात आला की माईकखालून निघूनच जातो, आणि वन्स मोअर मिळाला की दुप्पट जोरानं परत येतो. त्यामुळे माझा कान आधी आवाज कुठून येतोय ते बघतो, बाकीचं नंतर. ऑपेराची गोडी मला मडगावच्या एका मेस्तांनी लावली. सगळं आयुष्य कोयर शिकवण्यात गेलेले गृहस्थ. त्यांच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यात ‘टोस्का’चा तिसरा अंक निघाला. बाई गायला लागायची मी वाट बघत होतो, तर ते म्हणाले, ‘आयक रे, पयली घांट आयक, मागीर गावपीण.’ त्या घंटांकडे पुढे येतो.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १८००, जून महिना, रोम. काव्हारादोस्सी तुरुंगातून पळालेल्या राजकीय कैद्याला लपवतो. टोस्का ही त्याची प्रेयसी, नावाजलेली गायिका आणि कमालीची संशयी. स्कार्पियाला कैदीही हवाय आणि टोस्काही. शेजारच्या खोलीत प्रियकराचा छळ चाललेला ऐकवून तो तिच्याकडून कैद्याचा ठावठिकाणा काढून घेतो, मग प्रियकराच्या जिवाच्या बदल्यात तिलाच मागतो. ती हो म्हणते, सुटकेचा कागद लिहून घेते आणि त्याच्याच जेवणाच्या टेबलावरच्या सुरीनं त्याला संपवते. पण प्रियकरावर खोटाच करायचा ठरलेला गोळीबार खरा निघतो, आणि ती किल्ल्यावरून उडी घेते. तीन अंक, रोममधल्या तीन खऱ्या जागा: सांत अंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्च, फार्नेसे राजवाडा, सांत आंजेलोचा किल्ला. पहिला प्रयोगही रोमलाच झाला, १४ जानेवारी १९०० ला. जोसेफ कर्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९५६ साली हिला मळकट, सनसनाटी, चिल्लर नाटक ठरवून निकालात काढलं. ते वाक्य आजही लोक उगाळतात. उगाळोत. जत्रेतली नाटकं बघून वाढलेल्या माणसाला खून आणि सूड एकाच अंकात आले म्हणून विटाळ होत नाही.

आता ऐकायचं कसं ते. बहुतेक समीक्षक रेकॉर्डिंगं तोलतात ती ‘व्हिस्सी दार्ते’वर, म्हणजे दुसऱ्या अंकातल्या टोस्काच्या एकटीच्या गाण्यावर. मला ती सर्वांत निरुपयोगी जागा वाटते. नाटक तिथे थांबलेलं असतं, बाई एकटी गात असते, आणि या दर्जाच्या गायिकांतली कुठलीही तिथे चांगलीच वाटते. तिथे आवडनिवड कळते, रेकॉर्डिंगचा कस लागत नाही.

कस लागतो तो पहिल्या अंकाच्या शेवटी, तेदेउमला, म्हणजे चर्चमधल्या स्तुतिगीताला. चर्चमध्ये मिरवणूक येतेय, दोन घंटा आळीपाळीनं त्याच दोन स्वरांवर पडतायत, ऑर्गन चालू, लांबवर तोफ उडतेय, लोक प्रार्थना पुटपुटतायत. या सगळ्यावर स्कार्पिया स्वतःशीच बोलतोय, टोस्काला जाळ्यात कशी घ्यायची ते. गर्दी वाढत जाते आणि शेवटी तो भानावर येतो: टोस्का, तुझ्यापायी मी देवाला विसरलो! मग गुडघे टेकून लोकांच्या प्रार्थनेत सामील होतो. हे माईकवर धरायचं म्हणजे काय, ते मिक्सरमागे बसलेल्यानंच जाणावं. कोरस वर घेतला तर माणूस बुडतो, माणूस वर घेतला तर चर्च नाहीसं होतं.

१९५३ चं रेकॉर्डिंग मोनो. म्हणजे डावं-उजवं नाही, सगळं एकाच भोकातून यायचं. दे साबातानं यावर काढलेला तोडगा असा की त्यानं घंटांची लय जराही हलू दिली नाही, आणि गॉब्बीला सुरुवातीला जवळजवळ बोलायला लावलं. गॉब्बी ओरडत नाही. शब्द एकेक करून ठेवतो, आणि प्रत्येक शब्दाचा रंग वेगळा. निर्माता वॉल्टर लेगनं लिहून ठेवलंय की पहिल्या अंकातला गॉब्बीचा सगळा भाग दे साबातानं तीस वेळा गाऊन घेतला, एकेका अक्षरावरचा भार बदलत. ऐकताना ते पटतं. मात्र शेवटच्या कल्लोळात हे रेकॉर्डिंग चेपतं, कोरस आणि पितळी वाद्यं एकमेकांत मिसळून गोळा होतात. ही गोष्ट समीक्षक ‘काळाच्या मर्यादा’ म्हणून एका ओळीत उरकतात. सरळ सांगा ना, की या जागेचे शेवटचे क्षण इथे नीट ऐकू येत नाहीत. ज्याचे पैसे जायचेत त्याला ते कळलं पाहिजे.

तिथे ऐकावं १९६२ चं व्हिएन्नातलं रेकॉर्डिंग. संचालक हर्बर्ट फॉन कारायान, टोस्का लिऑन्टिन प्राइस, पुन्हा दी स्तेफानो, आणि स्कार्पिया जुझेप्पे ताद्देई. स्टीरिओ, सोफिएनझाल या सभागृहात केलेलं, निर्माता डेक्का कंपनीचा जॉन कल्शॉ. डेक्काच्या मंडळींनी रेकॉर्डिंगच्या जागी जमिनीवर चौकटी आखून, त्यांना आकडे देऊन गायकांना हलवायची पद्धत बसवली होती. नाटकवाल्यानं हेवा करावा असं काम. इथे चर्चला खोली आहे. मिरवणूक मागून पुढे येते, ऑर्गनचा खर्ज पायांना कळतो, तोफ खरोखर लांब आहे. ताद्देई गॉब्बीइतका धारदार नाही, पण त्याच्या आवाजात एक गुळगुळीतपणा आहे, सरकारी कचेरीत गोड बोलून काम अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा. मला तो जास्त खरा वाटतो. प्राइसचा आवाज खालच्या पट्टीत धुरासारखा पसरतो, वर गेला की लख्ख. कल्शॉच्या आठवणींत आहे की हे काम चालू असताना कारायान मधूनमधून दे साबाताचं रेकॉर्डिंग लावायला सांगायचा. प्रतिस्पर्ध्याचं काम असं समोर ठेवून ऐकणं हे कुठल्याही परीक्षणापेक्षा मोठं परीक्षण.

माझी आवडती कसोटी मात्र दुसऱ्या अंकातली खिडकी. स्कार्पिया जेवायला बसलाय. खाली राणीच्या दरबारात समारंभ चाललाय, तिथे टोस्का गातेय, उघड्या खिडकीतून तिचा आणि कोरसचा आवाज वर येतो. इकडे काव्हारादोस्सीची चौकशी चालू. एका क्षणी स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो आणि गाणं मध्येच तुटतं. मिक्सर जन्माला यायच्या आधी पुच्चिनीनं हा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, कागदावर लिहून ठेवलाय. आता रेकॉर्डिंगवाल्यानं इथे काय केलं ते ऐका. गायिकेला खरोखर दुसऱ्या खोलीत उभं केलं असेल तर तिच्या आवाजाबरोबर त्या खोलीचा घुमारा येतो, आणि दार-खिडकी बंद झाली की आधी तार स्वरांची धार जाते, खालचा गुंगाट एखादा क्षण मागे राहतो. नुसतंच बटण खाली ओढलं असेल तर सगळं एकदम आणि सारखंच बारीक होतं, आणि खिडकी कुठे नव्हतीच हे उघडं पडतं. काही नावाजलेल्या रेकॉर्डिंगांत असा घोटाळा आहे. त्याबद्दल एका परीक्षणात अवाक्षर वाचलं असेल तर शपथ.

खुनानंतरची जागाही अशीच. मेलेल्या स्कार्पियाकडे बघून टोस्का म्हणते, याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं. ओळ जवळजवळ एकाच खालच्या स्वरावर, गाणं आणि बोलणं यांच्या सीमेवर. कॅलास इथे अवजड, सपाट आवाजात बोलते, त्यात ना विजय ना पश्चात्ताप. १९५३ चं रेकॉर्डिंग श्रेष्ठ का, याचं उत्तर कॅलासच्या भक्तांना तिच्या वरच्या सुरांत सापडतं. मला ते या ओळीत आणि त्याआधीच्या वाद्यवृंदाच्या शांततेत सापडतं. आणि ती शांतता दे साबाताची आहे. ‘कॅलासची टोस्का’ हे नाव पडलंय, ते पडायला नको होतं.

तेच नाव पुढे नडतंही. १९६४-६५ मध्ये कॅलासनं पॅरिसला हेच ऑपेरा पुन्हा रेकॉर्ड केलं, जॉर्ज प्रेत्रच्या संचालनाखाली, या वेळी स्टीरिओत. आवाज दमलाय, वरचे सूर हेलकावतात. परीक्षणं वाचा: ‘नाट्याची जाण आवाजाच्या उणिवा भरून काढते.’ आपल्याकडे ज्येष्ठ गायकाची मैफल जमली नाही की ‘अनुभवाचं तेज जाणवलं’ असं छापतात, त्यातलाच प्रकार. या सेटमध्ये खरं कौतुक करावं ते कार्लो बेर्गोन्झीचं. काव्हारादोस्सी इतक्या नेटक्या, सुसंस्कृत गळ्यानं दुसऱ्या कोणी गायला असेल असं मला वाटत नाही. पण तो परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत येतो, तबलजीसारखा.

रेनाटा तेबाल्दीचं १९५९ चं डेक्काचं रेकॉर्डिंग आवाजाच्या शौकिनांसाठी. कॅलासवाले आणि तेबाल्दीवाले यांची भांडणं म्हणजे आपल्याकडच्या घराण्यांची भांडणं, एकमेकांच्या मैफलीला न जाता केलेली. तेबाल्दीचा सूर मधाळ आणि भरीव. सोबतचा मारियो देल मोनाको मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण ताकदीनं गातो, त्याला माईकपासून चार पावलं मागे उभं करायला हवं होतं. कारायाननं पुढे बर्लिनच्या वाद्यवृंदाबरोबर केलेलं रेकॉर्डिंग सावकाश आणि आलिशान, पण कात्या रिच्चारेल्लीचा कोवळा आवाज त्या वाद्यवृंदाखाली दबतो. संचालक पप्पानोचं २००० चं, अँजेला गेओर्गिऊ आणि रोबेर्तो अलान्याचं, स्वच्छ आणि चांगलं; ज्याला जुन्या रेकॉर्डिंगचा सूंऽ आवाज सहनच होत नाही त्यानं खुशाल घ्यावं.

संचालक कॉलिन डेव्हिसच्या १९७६ च्या रेकॉर्डिंगवर मात्र अन्याय झालाय. मोन्सेर्रात काबाये, तरुण होसे कार्रेरास, लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा वाद्यवृंद. इंग्वार विक्सेलचा स्कार्पिया पुरेसा दुष्ट नाही, हा शेरा एकानं मारला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला. विक्सेलचा आवाज हलका आहे, खरं. पण हा स्कार्पिया फायलीवर सही करावी तशा थंडपणे माणसं मारायला पाठवतो, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. कार्रेरास तेव्हा आवाजाच्या ऐन बहरात होता. तिसऱ्या अंकात मरणाच्या दारात तो आठवणी काढतो, त्याआधी क्लॅरिनेट तीच धून एकटं वाजवून जातं, आणि डेव्हिस त्या वादकाला घाई करत नाही. काबायेचे हळू सूर हा तर वेगळाच विषय. हे रेकॉर्डिंग माझं तिसरं; दुसरं कारायान १९६२.

आता त्या घंटा. तिसरा अंक पहाटेचा. आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, एक गुराखी पोर रोमच्या बोलीत गाणं म्हणत जातं, मग शहरभरच्या चर्चांच्या घंटा, काही जवळ, काही लांब. पुच्चिनी त्या घंटा ऐकायला स्वतः रोमला गेला होता, आणि सेंट पीटरच्या सर्वांत मोठ्या घंटेचा नेमका स्वर त्यानं ओळखीच्या पाद्र्याकडून काढून घेतला. जवळची घंटा आणि लांबची घंटा यांत फरक फक्त मोठ्या-लहान आवाजाचा नसतो. लांबून ठोका ऐकू येत नाही, नुसता घुमारा येतो. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची मोठी घंटा मांडवीपलीकडून, दिवाडीच्या बाजूनं ऐकून बघा. मोनोत हे सगळं एका भिंतीवर लावल्यासारखं होतं. इथे कारायानचं १९६२ चं रेकॉर्डिंग दे साबाताच्या पुढे आहे, फार पुढे, आणि हे लिहायला कोणाची जीभ का अडखळावी कळत नाही.

इंग्रजी समीक्षेला नावं ठेवताना तिचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. ‘ग्रामोफोन’ मासिक कॉम्प्टन मॅकेन्झीनं १९२३ साली काढलं तेव्हा तबकड्या महाग होत्या आणि घेण्याआधी ऐकायची सोय नव्हती. कोणीतरी ऐकून ‘हे घ्या, ते नको’ सांगणं ही गरज होती. पुढे पेंग्विनचा जाडजूड मार्गदर्शक निघाला, त्यात तारे, आणि समीक्षकाच्या खास आवडीला वर एक फूल. आज मोबाइलवर सगळी रेकॉर्डिंगं रांगेत उभी आहेत. तारे आणि फुलं घेऊन मी काय करू? मला जागा दाखवा. अमुक अंकात, अमुक ओळीला, याचं ऐका, मग त्याचं ऐका. बीबीसी रेडिओ ३ वर एक सदर असतं, त्यात एकाच कृतीची अनेक रेकॉर्डिंगं घेऊन तीच जागा पाठोपाठ वाजवतात आणि बोलणारा कारण सांगतो. पटलं नाही तर तुमच्या कानापाशी पुरावा असतो. परीक्षण हे असं.

नाव बघून ऐकण्याची सवय किती खोल आहे ते २००७ साली चव्हाट्यावर आलं. जॉयस हॅटो या इंग्रज पियानोवादक बाईंच्या नावावर म्हातारपणी ढिगानं सीडी निघाल्या. आजारपणात, घरी राहून एवढं काम, म्हणून समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग कोणीतरी एक सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, तर कॉम्प्युटरनं वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमोन. तपास झाला, दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं हॅटोबाईंच्या नावावर खपवली होती असं निघालं, आणि पुढे त्यांच्या यजमानांनी ते कबूलही केलं. मजा अशी की तेच वादन खऱ्या वादकाच्या नावाखाली सामान्य वाटलेले आणि हॅटोंच्या नावाखाली दिव्य वाटलेले कानही त्यात सापडले.

आपण हसायचं कारण नाही. आपल्या वर्तमानपत्रांत संगीत नाटकाचं किंवा मैफलीचं परीक्षण म्हणजे पाहुण्यांची नावं, ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ आणि ‘तबल्यावर समर्पक साथ’. समर्पक म्हणजे काय केलं, हे आजवर कोणी लिहिलेलं नाही. इंग्रजी समीक्षक निदान दोन रेकॉर्डिंगं शेजारी ठेवतो. आपल्याकडे तुलना केली की लोक रागावतात.

घेणाऱ्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कॅलासची सगळी स्टुडिओ रेकॉर्डिंगं वॉर्नर कंपनीनं २०१४ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत नव्यानं साफ करून ६९ सीडींच्या पेटीत काढली. त्यातली ‘टोस्का’ सुटीही मिळते. नॅक्सोस कंपनीचीही एक आवृत्ती आहे, मार्क ओबर्ट-थॉर्न यांनी उतरवलेली. वॉर्नरची धारदार, नॅक्सोसची किंचित मऊ. मला मऊ बरी वाटते, पण हेडफोनवर उलट होतं. दोन्हींत थोडा सूंऽ आहे. तो घालवायला ट्रेबल कमी करू नका, गॉब्बीची व्यंजनं त्याच्याबरोबर जातील. पुस्तिका आहे की नाही ते विकणाऱ्याला आधी विचारा. मी ऑनलाइन मागवलेल्या एका सेटमध्ये तीच नव्हती, आणि विकणाऱ्यानं ‘सीडी तर वाजतायत ना’ म्हणून हात वर केले. शब्द समोर नसतील तर दुसरा अंक निम्मा वाया जातो. गोव्यात राहणाऱ्यांनी एलपीच्या फंदात पडायचं तर पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते हे धरून चालावं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर एकदा सगळं काढून पुसा.

आणि ऑपेरा म्हणजे आरडाओरडा असं म्हणणारे कोणी काका घरात असतील तर त्यांना रेकॉर्डिंग देऊच नका. १९६४ साली कोव्हेंट गार्डनला झालेल्या प्रयोगातला दुसरा अंक टीव्हीसाठी चित्रित केलेला आहे, कृष्णधवल, कॅलास आणि गॉब्बी, दिग्दर्शन झेफिरेल्लीचं. पाऊण तासाचं काम. आवाज यथातथाच आहे, तेव्हा मोठ्या स्पीकरला जोडायच्या भानगडीत पडू नका, टीव्हीचाच पुरे.